आखडता हात

बारकीचा डोळा तिच्या थोरल्या जावेमुळं गेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. कुणी दाखवलं असतं तर थोरलीला बरं वाटलं असतं.

त्या उन्हाळ्यात पाण्यानं जीव काढला होता. विहिरीत बादली सोडली की तळाच्या दगडावर आपटून वाजायची. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. आला की हंड्यांवरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. अशा दिवसांत साबण करायचा म्हणजे चैनच. पण बाजारातल्या दुकानदारानं पहिल्यांदाच मोठी मागणी दिली होती, आणि थोरलीला ती हातची जाऊ द्यायची नव्हती.

साबण घराच्या मागं, पत्र्याच्या खोपटात व्हायचा. तेलाच्या गिरणीतलं तळाला राहिलेलं गाळाचं तेल आणायचं, ते गाळून गरम करायचं, दुसऱ्या पातेल्यात पाण्यात कॉस्टिक सोडा कालवायचा आणि दोन्ही एकत्र करून घट्ट होईतो लाकडी वल्ह्यानं फिरवत राहायचं. कॉस्टिकला घरात खार म्हणत. पाण्यात पडला की तो विस्तवाविना उकळायचा, त्याच्या वाफेनं घसा खवखवायचा. खार कालवताना शेजारी चांगल्या पाण्याची भरलेली बादली ठेवायची, हा नियम थोरलीनंच केलेला. त्या दिवशी शेवटच्या घाण्याला पाणी कमी पडलं आणि तिनं ती बादली उचलून पातेल्यात ओतली. एवढा घाणा होऊ दे, मग कुठूनतरी हंडा आणते, असं म्हणाली. बारकीनं मान हलवली. खार एरवी थोरलीच सोडायची, पण ती आधीच्या घाण्याचं वल्हं फिरवत होती, म्हणून बारकीनंच डबा उघडला.

डब्यात खाराचे गठ्ठे झाले होते. बारकी वाकून एकेक सोडत होती. त्यातला एक हातातून निसटून धपकन पडला, आणि पातेल्यातलं वर उडालं.

थोरली धावली. घरात हंडे पालथे होते. शेजारी कुलूप होतं. पलीकडच्या घरात तांब्याभर पाणी मिळालं, ते घेऊन ती आली तोवर बारकी मातीत लोळत होती आणि दोन्ही हातांनी चेहरा ओरबाडत होती. तांब्याभर पाण्यानं काय होणार.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, लगेच धुतला का. थोरलीच समोर उभी होती. पाणी नव्हतं, म्हणाली. डॉक्टर तिला काही बोलला नाही. पण नंतर बारकीच्या नवऱ्याला, थोरलीच्या दिराला, बाजूला घेऊन त्यानं सांगितलं, तेव्हाच्या तेव्हा भरपूर पाणी ओतत राहिलं असतं तर डोळा कदाचित राहिला असता. दिरानं घरी येऊन ते जसंच्या तसं सासूला, म्हातारीला, सांगितलं. थोरली चुलीपुढं बसली होती. तिनं ते ऐकलं आणि लाकूड आत सारलं.

थोरली काही पहिल्यांदाच तोंडघशी पडत नव्हती. नवरा तापानं गेला तेव्हा ती या घरात नवीच म्हणायची. माहेरी परत जा असं कुणी म्हटलं नाही, पण राहा असंही कुणी म्हटलं नाही, म्हणून ती राहिली आणि आपली भाकरी आपण कमवायची असं तिनं ठरवलं. आधी शिलाई मशीन आणलं. गावात आधीच दोन होती, तिसरीला कुणी कापड देईना. ते विकून कोंबड्या घेतल्या. एका पावसाळ्यात मर लागली आणि सकाळी खुराडं उघडलं तर सगळ्या आडव्या. तेव्हा ती एक दिवस जेवली नाही, दुसऱ्या दिवशी खड्डा खणून कोंबड्या पुरल्या, आणि तिसऱ्या दिवशी ओसरीवर बसून दिराला विचारत होती, की साबण कसा करतात हे शिकवणारं कुणी ओळखीचं आहे का. दीर मोटारपंप दुरुस्त करायचा, चार गावं फिरायचा. तो हसून म्हणाला होता, वहिनी, तुम्हाला पाडायचं तर खालची जमीनच काढून घ्यायला पाहिजे. ते वाक्य घरात बरेच दिवस चाललं होतं. बारकी तर त्याची नक्कल करायची.

बारकी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. साबणात ती हौसेनं घुसली. हिशोबाची डोकेबाज, जिभेची तिखट. वड्या कापायला, दुकानदाराशी भांडायला ती, खार आणि तेल बघायला थोरली, असं त्यांचं बसलं होतं. दोघी भांडायच्याही खूप. वडी केवढी कापायची यावरून सकाळी सुरू झालेलं भांडण दुपारच्या जेवणापर्यंत पुरायचं. म्हातारी म्हणायची, या दोघींना वेगळ्या खोपटात घाला, नाहीतर साबणाला फेस यायच्या आधी यांच्या तोंडाला येईल.

पण कोंबड्या थोरलीच्या होत्या, मशीन थोरलीचं होतं. आपलं गेलं की माणूस कपडे झटकून उभं राहतं. डोळा बारकीचा होता. इथं कपडे झटकून उभं राहायला थोरलीला लाज वाटत होती.

तिनं खोपटाला कडी घातली. बारकीची सगळी कामं अंगावर घेतली. पहाटे उठून शेण काढायचं, म्हशीला वैरण टाकायची, टँकरवर नंबर लावायचा, स्वयंपाक, धुणं, भांडी. हंडा डोक्यावर घेऊन येताना मानेत कळ यायची, तेव्हा तिला जरा हलकं वाटायचं. टँकरवर बायका गप्प व्हायच्या ती आली की. एकदा एक जण मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, आता बरं पाणी भरायला सुचतंय. थोरलीनं मान खाली घातली आणि स्वतःचा हंडा मागं ठेवून त्या बाईला पुढं जाऊ दिलं.

दीर तिच्याशी बोलत नव्हता. भांडला नाही, शिवी दिली नाही. ताट वाढलं की खाली बघून जेवायचा आणि काही हवं असेल तर आईला सांगायचा. आई, मीठ आहे का विचार. म्हातारी मीठ द्यायची. मिठाची वाटी थोरलीच्या हाताशी असायची.

बारकीच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. डोळा पांढरा झाला होता, उकडलेल्या अंड्यासारखा, पापणी अर्धी खाली उतरलेली. तिनं आरशात एकदाच बघितलं आणि आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला. त्याहून तिला दुसऱ्याच गोष्टीनं छळलं. एका डोळ्यानं अंतर कळेना. कपात चहा ओतायला गेली की धार कपाच्या बाहेर. सुईत दोरा जाईना. उंबरा कुठं संपला ते पायाला कळायच्या आधी ठेच लागायची. ती पडली की घरातले सगळे एकदम उठायचे, आणि थोरली सगळ्यांच्या आधी.

मग थोरली तिच्या मागं मागं राहायला लागली. बारकीनं झाडलं की ही नंतर जाऊन कोपरे झाडायची. बारकीनं तांदूळ निवडले की ही नंतर हळूच परत निवडायची. बारकी विचारायची, झालं ना नीट. थोरली म्हणायची, झालं की. दीरही म्हणायचा, झालं की. म्हातारीसुद्धा म्हणायची. एक दिवस बारकी लघवीला उठली तर थोरली मागून आली. बारकी दारातच थांबली आणि म्हणाली, आता आतपण येणार का. थोरली परत फिरली. पण दुसऱ्या दिवशी परत मागं होतीच.

पाऊस उशिरा का होईना पडून गेला. विहिरीला पाणी आलं, टँकर बंद झाला. रानात सगळे पेरायच्या मागं लागले. दिराला पंपांची कामं मिळेनाशी झाली, कारण आता पंप कुणी चालवत नव्हतं. घरात एकेक वस्तू जपून वापरायची वेळ आली. तेव्हा एका सकाळी बारकीनं खोपटाची कडी काढली.

थोरली म्हशीची धार काढत होती. कडीचा आवाज ऐकून ती चरवी तशीच ठेवून आली. बारकी आत उभी होती. साच्यांवर जाळी धरली होती. त्या दिवशीचा आधीचा घाणा पातेल्यात तसाच दगड होऊन बसला होता, त्यात वल्हं उभंच्या उभं रुतलेलं.

"हे कुणी काढलं पण नाही," बारकी म्हणाली.

बारकीनं वल्ह्याला हात घातला, हलवून बघितलं आणि म्हणाली, आजपासून परत सुरू करू, तेलवाल्याला निरोप धाड. थोरली म्हणाली, नको. बारकीनं विचारलं, का. थोरलीनं कारणं सांगितली, सगळी एकदम. भाऊजी चिडतील, तुला धूर सोसणार नाही, दुकानदारानं एव्हाना दुसरीकडून माल घेतला असेल, आणि मी तर ठरवलंय, यापुढं मजुरीला जायचं, खुरपायला बायका हव्यातच. बारकी ऐकत राहिली. मग म्हणाली, तुझं तू ठरवलंस, माझं कुणी ठरवायचं.

संध्याकाळी जेवताना बारकीनं विषय काढला. दिरानं घास खाली ठेवला. एक डोळा राहिलाय, म्हणाला, तो पण द्यायचा आहे का त्या पातेल्याला. थोरली चुलीपुढून हळूच म्हणाली, भाऊजी बरोबर म्हणतात. तिच्या तोंडून निघालेलं ते दिराला आवडलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं बघितलं, पण बोलला बायकोशीच. बारकी म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, पण मला बांधून ठेवायला मात्र एक होता. मला खुरपायला कुणी नेणार नाही, रोप कुठलं आणि गवत कुठलं ते मला धड दिसत नाही. शिवता येत नाही. मग मी काय करू, दिवसभर भिंत बघू? म्हातारी म्हणाली, तिला करू दे. नाहीतर ती तुम्हा दोघांना खाईल.

असं ते सुरू झालं. दिरानं हार्डवेअरच्या दुकानातून दोन मोठे चष्मे आणले, वेल्डर लावतात तसले, पण साध्या काचेचे, आणि काही न बोलता खिळ्याला अडकवून ठेवले. वेळेला पाण्याची बादली भरून ठेवायची थोरली. एक नाही, तीन.

पहिल्या घाण्याच्या दिवशी बारकी तेलापाशी उभी राहिली. खार थोरलीकडं आला, कारण ओतताना बारकीचा अंदाज चुकायचा हे तिचं तिलाच कळत होतं. थोरली तराजू घेऊन बाहेर उजेडाला बसली. डबा उघडला तसा तो वास आला, आणि तिच्या कानात त्या दिवशीचं सगळं वाजायला लागलं. तिनं पारड्यात खार टाकला. काटा सरळ झाला. ती त्याच्याकडं बघत बसली. मग तिनं त्यातला मूठभर काढून परत डब्यात टाकला. जरा थांबून आणखी थोडा. तेवढंच कमी उकळेल, तेवढंच कमी उडेल, असं तिच्या मनात आलं. मनात आलं असंही म्हणता यायचं नाही. हातच परस्पर आखडला.

बारकीनं आतून विचारलं, झालं का माप. थोरली म्हणाली, झालं की.

घाणा झाला, साच्यात ओतला, पोत्यांनी झाकला. पुढचेही तसेच झाले. प्रत्येक वेळी थोरली बाहेर उजेडाला बसायची आणि प्रत्येक वेळी हात आखडायचा. वड्या मऊ निघाल्या. बारकी बोटानं दाबून बघायची आणि म्हणायची, पावसाळी हवा आहे, सुकायला वेळ लागणार. थोरली म्हणायची, हवा दमट आहे खरी. फळ्यांवर मांडलेल्या वड्यांना घाम सुटायचा. तरी दुकानदारानं निरोप धाडला म्हणून दोन खोकी भरून पाठवली. आपल्यासाठी त्यानं जागा राखून ठेवली होती म्हणून बारकीला कोण आनंद झाला होता.

बाजाराच्या दिवशी थोरली तेल आणायला गेली आणि दुकानापुढून जाताना दुकानदारानं तिला हाक मारली. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यानं खोकं काउंटरवर ठेवलं आणि एक वडी काढून सगळ्यांसमोर दोन बोटांत दाबली. वडी लोण्यासारखी चेपली. याला साबण म्हणतात का, म्हणाला. एक बाई तिथंच होती, तिनं पदराचं टोक पुढं केलं, त्यावर तेलाचा डाग होता. लाँड्रीवाला तर दोन दिवसांपासून वाट बघत होता. त्याच्याकडं खानावळीच्या चादरी आल्या होत्या, त्या या साबणानं धुतल्या आणि इस्त्री फिरवली तसे पिवळे ठिपके उठले. तो खूप बोलला. धंदा जमत नसेल तर माणसानं घरी बसावं, दुसऱ्याचा धंदा बुडवू नये, असं म्हणाला.

थोरली उभी राहून ऐकत होती. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण आतून तिला बरं वाटत होतं. इतके दिवस घरात कुणी तोंड उघडलं नव्हतं, इथं निदान कुणीतरी तिला चारचौघांत बोलत होतं. तिनं हात जोडले. चादरी द्या, म्हणाली, मी धुऊन आणते. लाँड्रीवाल्यालाच कसंतरी झालं. राहू दे, म्हणाला. पण तिनं त्या चादरींचं बोचकं डोक्यावर घेतलं, एकेक खोकं एकेका काखेत मारलं आणि चिखलातून चालत घरी आली.

अंगणातल्या दगडावर ती चादरी घासायला बसली. राख लावली, सोडा लावला, गरम पाण्यात भिजवल्या आणि परत घासल्या. बोटांची सालं निघाली. बारकी दारात येऊन उभी राहिली. काय झालं म्हणून तिनं विचारलं आणि थोरलीनं खाली बघत सगळं सांगितलं. सांगताना तिनं दोष स्वतःवर घेतला. मलाच जमत नाही आता, म्हणाली. माझाच पायगुण तसला. मशीन गेलं, कोंबड्या गेल्या, आता हे.

बारकीनं खोकं उघडून एक वडी काढली. दाबली. वास घेतला. जिभेचं टोक लावलं आणि थुंकली.

"चटका नाही," ती म्हणाली. "खार कमी आहे याच्यात."

थोरली घासत राहिली.

बारकी आत गेली. खोपटातून तराजू आणि खाराचा डबा घेऊन आली आणि अंगणात, थोरलीच्या पुढ्यात बसली. डबा उचलून तिनं हातात तोलला. विकत आणला तेव्हाचा हिशोब तिच्या डोक्यात होता. किती घाणे झाले, दर घाण्याला किती लागायला हवा होता, हे तिनं बोटांवर मोजलं. मग डबा खाली ठेवला.

"प्रत्येक वेळी?"

थोरलीचा हात थांबला. चादरीतून पाणी निथळत होतं.

"माझा हातच धजत नाही," ती म्हणाली. "भीती वाटते. तुझ्या दुसऱ्या डोळ्याला काही झालं तर मी काय करू."

"म्हणून साबण नासवलास. आणि वर मला सांगितलंस, हवा दमट आहे."

"मी काय सांगणार होते? मला माफ कर. चुकलं माझं. तेव्हाही चुकलं."

बारकीनं तिच्या हातातली चादर ओढून घेतली आणि बादलीत टाकली.

"माफ कर, माफ कर. तोंडानं म्हणत नाहीस, पण दिवसभर हातानं तेच म्हणत असतेस. मी झाडलं की मागून झाडतेस. निवडलेले तांदूळ परत निवडतेस. मला वाटलं तुला दिसतं तेवढं मला दिसत नाही, एवढंच. ताई, माझा डोळा तुझ्यामुळं गेला. ते मी विसरणार नाही. कधी कधी सकाळी उठल्यावर तुझं तोंड बघवत नाही मला. पण तो राग माझा आहे, त्याचं काय करायचं ते मी बघेन. तू त्याच्या आधीच माझ्या पायाशी येऊन बसतेस, मग मी रागावू कुणावर?"

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बारकी म्हणाली, "ते पण नको. दोघींत रडायचा हक्क कुणाचा असेल तर तो माझा आहे. कोंबड्या मेल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी उठलीस. आता का नाही उठत?"

"तेव्हा माझं गेलं होतं."

"आता माझं गेलंय. मी उठले. आणि तू मला खाली ओढतेस."

म्हातारी ओसरीवरून हे सगळं ऐकत होती. ती उठून आत गेली आणि आतून कडी लावून घेतली, जणू तिला काही ऐकूच आलं नाही. मग बारकीनं बादलीतली चादर काढली, एक टोक थोरलीच्या हातात दिलं, एक आपण धरलं, आणि दोघींनी ती पिळली. ठिपके बरेचसे गेले होते, सगळे नाही.

नासलेला साबण फेकायचा नाही असं बारकीनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघी वड्या किसायला बसल्या. मऊ साबण किसणीला चिकटायचा, बोटांना लगदा लागायचा, दर थोड्या वेळानं किसणी गरम पाण्यात घालून धुवावी लागायची. खांदे भरून आले. किसाचा ढीग मोठ्या पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवला आणि तो हळूहळू विरघळायला लागला. आता त्यात उरलेला खार कालवून घालायचा होता.

दीर सकाळीच घराबाहेर पडला होता. आदल्या दिवशीचं त्याला आईकडून कळलं असावं. ऐन वेळी तो सायकलला निळं प्लास्टिकचं पिंप बांधून आला. ते त्यानं खोपटाच्या दारात टेकवलं आणि विहिरीवरून पाणी आणून काठोकाठ भरलं. खाली तोटी बसवली होती, तिला हातभर रबरी नळी. त्यानं तोटी सोडून बघितली, धार नीट पडते ना, आणि बंद केली. मग तो थोरलीसमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, या पिंपातलं पाणी कशालाही कमी पडलं तरी घ्यायचं नाही," तो म्हणाला. "घरात प्यायला नसलं तरी नाही."

"नाही घेणार, भाऊजी."

तो तिथंच घुटमळला. चष्मा लावा, एवढंच म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. थोरलीच्या छातीत सुरी फिरल्यासारखं झालं. एवढ्या दिवसांनी तो बोलला तो नेमका तिच्या वर्मावर बोट ठेवून. पण ठेवलं ते बरं झालं, असंही तिला वाटलं. ज्या गोष्टीला सगळे वळसा घालून जात होते तिला त्यानं हात लावला होता.

तिनं चष्मा लावला. बारकीनं लावला. या वेळी बारकीनं तराजू आतच ठेवायला सांगितला, आणि ती पारड्याजवळ उभी राहिली, काटा दिसेल एवढी जवळ. थोरलीनं खार टाकला. काटा सरळ झाला. तिचा हात पारड्यावरच थांबला. बारकी काट्याकडंच बघत राहिली. थोरलीनं हात मागं घेतला, रिकामा. मग तिनं पारडं उचललं, पाण्याच्या पातेल्याशी गेली आणि थोडा थोडा सोडायला लागली. पाणी सळसळलं, वाफ उठली. मागून बारकी म्हणाली, सावकाश, घाई नाही. थोरली म्हणाली, तू मागं सरक. बारकी म्हणाली, मी मागंच आहे, तुझं तू बघ.

सगळा खार पडला तेव्हा थोरलीचा ब्लाउज घामानं पाठीला चिकटला होता. ती बाहेर जाऊन ओकली, चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि परत येऊन वल्हं धरलं.

घट्ट व्हायला दुपार झाली. दोघींनी पाळीपाळीनं वल्हं फिरवलं. फिरवता फिरवता थोरलीच्या मनात परत परत तेच येत होतं, बादली आणि तांब्या आणि मातीत लोळणारी बारकी. येत होतं आणि वल्हं फिरत होतं. साबणानं वल्ह्यामागं वळ धरायला सुरुवात केली तेव्हा बारकी म्हणाली, आता ओत.

साचा उघडायच्या दिवशी ऊन पडलं होतं. लादी बाहेर निघाली ती टणक, कडा धारदार. थोरलीनं अंगठा रोवून बघितला, खूणसुद्धा उमटली नाही. बारकीनं तिच्या तोंडाकडं बघून ओळखलं.

कापायची तार बारकीनं घेतली. पूर्वी हे काम तिचंच होतं. दोन्ही टोकांच्या लाकडी मुठी धरून तिनं तार लादीवर टेकवली, मान तिरकी करून एका डोळ्यानं नेम धरला आणि ओढली. तार लादीत शिरली तेव्हाच थोरलीला दिसलं, की ती वाकडी चाललीय. तिचा हात पुढं झाला. दुरुस्त करायला नाही, ती वडी हळूच बाजूला काढून ठेवायला. मग बारकी घरात गेली की ती वितळवून टाकता आली असती.

"सरळ गेली ना?" बारकीनं विचारलं.

थोरलीच्या ओठांवर तेच आलं, इतके दिवस सगळं घर म्हणत होतं ते. तिनं हात मागं घेतला.

"नाही," ती म्हणाली. "वाकडी गेली."

"किती?"

"बोटभर. खाली डावीकडं झुकलीय."

बारकी तार हातात धरून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला, आणि थोरलीला वाटलं, आता ही तार टाकून घरात जाईल आणि परत या खोपटात पाऊल टाकणार नाही.

"मग ओढताना सांगायला काय झालं होतं?" बारकी म्हणाली. "तोंड शिवलंय का तुझं?"

"विचारलंस कुठं? तार टेकवली की ओढली."

"दिसत होतं ना तुला?"

"दिसत होतं. पण तू ऐकतेस कुणाचं? आणि वडी तरी केवढी धरलीस, असल्या वडीला घेणार कोण? वीट आहे ती."

"मोठीच पाहिजे. मागचा माल नासका गेलाय, आता दोन दिवस मोठी द्यावी लागेल."

"दोन दिवस म्हणून सुरू करशील आणि जन्मभर देत बसशील. तेल काय पावसात पडतं का?"

बाहेर म्हातारी शेंगा फोडत बसली होती, तिचा हात थांबला. दीर सायकलचं चाक काढून बसला होता, त्यानं मान वर केली. दोघं एकमेकांकडं बघत राहिले आणि आतलं भांडण ऐकत राहिले. बराच वेळ ते चाललं. मग थांबलं.

आत बारकीनं वाकडी वडी उचलून वितळवायच्या पातेल्यात टाकली. तार परत लादीवर टेकवली.

"लहान धरलीय," ती म्हणाली. "झालं समाधान? आता बोल."

"उजवीकडं घे. अजून. वरची मूठ जरा मागं. अगं, मागं म्हणतेय, खाली नाही."

"असं?"

थोरलीनं वाकून लादीच्या दोन्ही कडा नीट बघितल्या.

"हां," ती म्हणाली. "ओढ."